देवाकडे तक्रार करावी का?

बंगळूरच्या विवेकनगरातील बाळ येशूच्या चर्चमध्ये दर गुरुवारी मोठी गर्दी होते. ख्रिस्ती कुटुंबांबरोबर इतर धर्मांची माणसेही मेणबत्ती लावायला येतात. कुणाला मूल हवे असते, कुणाच्या घरी आजारपण असते, कुणाची नोकरी गेलेली असते. मागणे घेऊन आलेल्या माणसाच्या मनात पुष्कळदा एक तक्रारही असते. हे माझ्याच वाट्याला का? पण ती ओठांवर आली की तो स्वतःच दचकतो. आपण देवाला बोललो, आता तो आणखी शिक्षा करील, अशी धास्ती त्याला वाटते. ही धास्ती सर्वच धर्मांच्या घरांत सारखी आढळते.

मराठी माणसाला देवाशी भांडणे तसे नवे नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठ्ठलाला हक्काने बोल लावले, तरी आपण त्यांना संतच म्हणतो. ख्रिस्ती धर्मात मात्र देवापुढे मान खाली घालून गप्प राहायचे असते, असा अनेकांचा समज आहे. बायबल उघडून पाहिले तर हा समज टिकत नाही.

जुन्या करारातील 'गणना' या पुस्तकाचा अकरावा अध्याय पाहा. मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएली लोक रानातून चालले आहेत. रोज तोच मान्ना खाऊन ते कंटाळतात आणि तंबूंच्या दारांत बसून रडू लागतात. मिसरमधली मासळी, काकड्या, कांदे, लसूण त्यांना आठवतात. तिथली वेठबिगारी मात्र ते विसरतात. त्यांचा पुढारी मोशे हाही वैतागतो. एवढ्या लोकांचे ओझे माझ्या एकट्यावर का, मी काय यांची आई आहे, असे तो थेट देवालाच विचारतो. असेच वागवायचे असेल तर मला मारूनच टाक, इथपर्यंत त्याची मजल जाते.

एकाच अध्यायात या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची फळे अगदी वेगळी आहेत. लोकांना हवे ते मांस मिळते, पण पाठोपाठ मरीही येते. पुढे हेच लोक दुसरा पुढारी निवडून मिसरला परत जायच्या गोष्टी करतात, तेव्हा 40 वर्षांची भटकंती त्यांच्या नशिबी येते. मोशेला मात्र शिक्षा होत नाही. त्याचे ओझे वाटून घेण्यासाठी 70 वडीलधारी माणसे नेमली जातात. शब्द पाहिले तर मोशेचेच अधिक कडक होते, पण तो देवाशी बोलत होता. लोक देवाविषयी आपसांत बोलत होते आणि त्याच्याकडे पाठ फिरवायला निघाले होते. संत पौलाने करिंथच्या मंडळीला कुरकुर करू नका असे बजावले, ते याच लोकांचा दाखला देऊन.

ईयोबाची कथा याहून पुढे जाते. या सज्जन माणसाची गुरेढोरे आणि दहा मुले एका दिवसात जातात. अंगावर गळवे उठतात. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसून राहतात. मग ते बोलू लागतात आणि तिथेच बिघडते. तू काही पाप केले असशील, त्याशिवाय असे होणार नाही, असा त्यांचा हिशेब असतो. ईयोब तो मानत नाही. देवाने समोर येऊन उत्तर द्यावे, असे तो म्हणतो. अखेर देव बोलतो. तो ईयोबालाही त्याच्या अज्ञानाची जाणीव करून देतो आणि दुःखाचे कारण तर सांगतच नाही. पण रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असा निवाडा तो देतो.

स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. खुद्द येशूने वधस्तंभावर असताना, देवाने आपल्याला का सोडले असे विचारणाऱ्या 22व्या स्तोत्राचेच शब्द उच्चारले.

मराठी ख्रिस्ती घरांतील बायबल प्रसिद्ध करणाऱ्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्य कार्यालय बंगळूरलाच, महात्मा गांधी रस्त्यावर आहे. पण मराठी बायबलचा विषय निघाला की पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावेच लागते. आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण प्रश्न विचारणे सोडले नाही. धर्मभगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांनी पत्रांतून नेटाने वाद घातला. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर 1924 साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. आपली माणसे एकामागून एक गमावलेल्या या बाईने ईयोबाची तक्रारही मराठीत आणली.

म्हणून घरात कुणी दुःखाने देवाला बोलू लागले, तर त्याला लगेच गप्प करू नये. देवाला असे बोललास म्हणून असे झाले, असे तर कधीच म्हणू नये. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे विचारले होते. दोघांचेही नाही, असे येशूने सांगितले. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आपण लक्षात ठेवावेत. शेजारी बसावे, चहा करून द्यावा, मुलांना दोन दिवस आपल्या घरी न्यावे. मोशेच्या तक्रारीला मिळालेले उत्तरही ओझे उचलू लागणाऱ्या माणसांच्या रूपानेच आले होते.

आणि ज्याची तक्रार आहे त्याने ती चारचौघांत उगाळत बसू नये. त्याने मन कडू होते आणि घरातले बरे दिवसही दिसेनासे होतात. ती देवापुढेच मांडावी, रडून मांडावी, रागावून मांडली तरी हरकत नाही. कारण ज्याच्यावर अजून भरवसा आहे, त्याच्याशीच माणूस भांडतो.