जंताळलेल्या ईलची बाजू

मासा चिरला, आतड्यात जंत दिसले की निकाल लागतो: मासा रोगट. न्यूझीलंडच्या नद्यांतल्या रानटी ईलच्या बाबतीत हा निकाल फारच लांब ताणला जातो. युक्तिवाद साधारण असा असतो: रानातली ईल जंतांनी भरलेली असते, जंत म्हणजे रोग, ईल कमी होत चालली आहे, म्हणजे ती रोगाने कमी होत असणार, तेव्हा तिला तळ्यात, औषधपाण्याखाली वाढवा, म्हणजे ती वाचेल आणि खाणाराही वाचेल. यातले पहिले विधान खरे आहे. बाकीची साखळी कच्ची आहे, आणि शेवटची कडी तर चक्क उलटी बसवलेली आहे.

पहिले विधान मला नाकारायचेच नाही. माओरी लोक जिला तुना म्हणतात त्या ईलच्या पोटात काय काय राहते, याच्या नोंदी जुन्या आहेत. संशोधक मॅकफार्लेन यांनी 1945 आणि 1951 साली तिच्या आतड्यातल्या दोन चपट्या कृमींची जीवनचक्रे मांडली. सत्तरच्या दशकात हाइन यांनी लांब पराच्या आणि आखूड पराच्या, अशा दोन्ही जातींच्या ईल तपासून मिक्सिडियम या सूक्ष्म परजीवीच्या तीन नव्या जाती 1975 साली नोंदवल्या आणि कुठल्या पाण्यात कोणता परजीवी सापडतो हेही लिहून ठेवले. तेव्हा ‘आमची ईल शुद्ध’ असा टेंभा मिरवण्यात अर्थ नाही.

पण जंत म्हणजे रोग, हे कुणी ठरवले? मॅकफार्लेनच्या 1951च्या कृमीचे, स्टेगोडेक्सामेनीचे, उदाहरण पाहा. त्याचे चक्र एरवी तीन यजमानांतून फिरते. आधी काही मिलिमीटरची एक गोगलगाय, पोटामोपिर्गस. तिच्यातून बाहेर पडलेली अळी बुली नावाच्या छोट्या माशात शिरून कोश करून बसते. तो मासा ईलने गिळला, की तिच्या आतड्यात कृमी प्रौढ होतो आणि अंडी पुन्हा पाण्यात जातात. गोगलगाय किंवा लहान मासा, यांपैकी एक जरी ओढ्यातून नाहीसा झाला तरी कृमीचा वंश बुडाला. म्हणजे ज्या ईलमध्ये तो सापडला त्या ओढ्यात गोगलगाय आहे, बुली आहे आणि ईलला पोटभर खायला मिळते आहे. ओढा जिवंत असल्याचा याहून चोख दाखला पाण्याच्या बाटलीभर नमुन्यातून मिळणार नाही. शिवाय ईल मेली तर तिच्यातला कृमीही संपतो. घर पाडण्यात भाडेकरूला रस नसतो. राहिला खाणाऱ्याचा प्रश्न. आतडे काढून नीट शिजवा, एवढे त्याचे उत्तर आहे.

मग रोग कुठून येतो? इथे एक प्रकरण सविस्तर सांगायला हवे, कारण सगळा वाद त्यात मिटतो. ईलच्या हवेच्या पिशवीत, म्हणजे घोळ माशाचा जो बोत सोन्याच्या मोलाने विकला जातो त्याच अवयवात, अँग्विलिकोला नावाचा गोल जंत राहतो. पिशवी उघडली तर आत काळपट तांबडे, रक्त पिऊन टरारलेले जंत दिसतात. त्यांच्या अळ्या हवेच्या नळीतून आतड्यात आणि तिथून पाण्यात उतरतात. पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव त्या गिळतात. आपल्या विहिरींतून नारूचा जंत ज्या सायक्लॉप्समार्फत माणसापर्यंत पोचायचा, त्याच गोतावळ्यातले हे जीव. त्यांना ईलने खाल्ले, की अळी आतड्याची भिंत भेदून पुन्हा पिशवीकडे निघते.

या जंताची न्यूझीलंडची स्वतःची एक जात आहे, आणि तिचे शास्त्रीय नावही त्या देशावरूनच पडले. आखूड पराच्या ईलमध्ये ती कोण जाणे किती काळ राहत आली. 1975 साली न्यूझीलंडच्या जिवंत ईल इटलीत नेऊन ब्राचानो सरोवरात सोडल्या गेल्या. त्यांच्याबरोबर हा जंतही गेला आणि तिथल्या युरोपीय ईलमध्ये स्थिरावला. गंमत अशी, की शास्त्रज्ञांनी या जातीला रीतसर नाव दिले 1988 साली. म्हणजे बारसे व्हायच्या आधीच परदेशवारी झालेली होती. पुढे त्याच सरोवरात पूर्व आशियातला भाऊबंद, अँग्विलिकोला क्रॅसस, येऊन पोचला आणि त्याने न्यूझीलंडच्या पाहुण्याला हुसकून लावले.

क्रॅससची कथा जास्त गंभीर आहे. जपानी ईलशी त्याचे जुने जमलेले आहे. तिचे शरीर बऱ्याच अळ्यांचा पिशवीच्या भिंतीतच बंदोबस्त करते. ईलच्या जिवंत व्यापारातून तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात पोचला आणि 1995 साली अमेरिकेत टेक्ससमध्ये सापडला. युरोपीय ईलला त्याची ओळखच नव्हती. तिची पिशवी जाड होते, आक्रसते, आणि जंत असलेल्या ईल प्रयोगशाळेच्या प्रवाहात लवकर दमतात. तिला तर सारगासो समुद्रापर्यंत पाचेक हजार किलोमीटर काहीही न खाता पोहायचे असते. एकाच जातीचा जंत जपानी ईलमध्ये सोयीने राहतो आणि युरोपीय ईलमध्ये रोग बनतो. फरक घडवला तो माशांच्या मालवाहतुकीने.

उलट बाजूचा पुरावाही न्यूझीलंडचाच. तीच पोटामोपिर्गस गोगलगाय जहाजांतून आणि माशांच्या वाहतुकीतून युरोपात, अमेरिकेत गेली, आणि तिथल्या ओढ्यांचे तळ तिने झाकून टाकले. घरी तिला आवर घालणारे कृमी बहुतांशी घरीच राहिले होते. परजीवी नाहीसे झाले की निसर्ग निरोगी होतो, असे मानणाऱ्यांनी या गोगलगायीकडे एकदा पाहावे. आणि परका जीव पाण्यात सोडला की काय होते, हे आपल्याकडे भिगवणच्या कोळ्यांना विचारावे. उजनीतल्या चिलापीबद्दल ते तासभर बोलतील.

आता माझ्याच बाजूच्या अतिउत्साही मंडळींचेही खंडन केले पाहिजे. देशी जंत कायमच निरुपद्रवी, असे ते म्हणतात. तसे नाही. मॅकफार्लेनच्या 1945च्या कृमीची, टेलोगॅस्टरची, अळी ईलपर्यंत पोचण्याआधी गॅलॅक्सियस या लहान माशात वाढते. ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 साली दाखवले, की नुसता कृमी किंवा ठरावीक मात्रेतले नुसते ग्लायफोसेट तणनाशक माशाच्या पिलांना मारत नाही. कणे नुसत्या कृमीनेही वाकडे होतात, पण दोन्ही एकत्र आले की पिले मरतात. जुना जमलेला शेजार शेतातून वाहून आलेल्या पाण्याने बिघडतो. पण इथेही उपाय जंतावर करायचा, की तणनाशकाच्या फवारणीवर?

ईल कमी का झाली, हे तर उघड आहे. लांब पराची मादी कित्येक दशके वाढते, शंभरीही गाठते, आणि आयुष्यात एकदाच अंडी घालायला उष्ण कटिबंधी समुद्राकडे निघते. असल्या जिवासह दोन्ही जातींच्या ईलची व्यापारी पकड 1972 साली 2,000 टनांच्या वर गेली. देशातली नव्वद टक्के पाणथळ जमीन निचरा करून संपवली गेली. व्यापारी पकडीच्या आधी परदेशातून आणलेल्या ट्राउटसाठी ईल मारण्याच्या मोहिमा निघाल्या होत्या. 1968 साली बर्नेट यांनी दाखवले, की ईल काढलेल्या ओढ्यात ट्राउट वाढल्या खऱ्या, पण खुरटलेल्या. 2013 साली संसदेच्या पर्यावरण आयुक्त जॅन राइट यांनी लांब पराच्या ईलची व्यापारी पकड थांबवा, असे अहवालात स्पष्ट म्हटले. त्यात बोट दाखवले ते पकडीकडे, धरणांकडे आणि अधिवासाच्या नाशाकडे.

तळ्यात ईल वाढवण्याचा पर्याय तर न्यूझीलंडने सत्तरच्या दशकात करून पाहिला. 1974 साली हाइन आणि बूस्टेड यांनी ईलच्या रोगांवर मार्गदर्शिका लिहिली ती रानातल्या ईलसाठी नव्हे, ईलपालन केंद्रांसाठी. दाटीवाटीने कोंडलेल्या माशांत रोगाला गोगलगायीची आणि बुलीची वाट पाहावी लागत नाही. सरळ एकातून दुसऱ्यात जाणारे परजीवी, बुरशी, जिवाणू तिथे माजतात. तिथल्या ईलची पिलेही रानातूनच आणावी लागतात, कारण व्यापारी प्रमाणावर तिचे प्रजनन अजून कुणाला जमलेले नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. वाहतूकच घातक असेल, तर वायकाटो नदीवरच्या कारापिरो आणि रांगिटाइकीवरच्या मॅटाहिना धरणांच्या पायथ्याशी उन्हाळ्यात जमणारी ईलची पिले पकडून गाडीने वर नेऊन सोडतात, तेही बंद करायचे का? नाही. ती पिले त्याच नदीची असतात आणि वर जायला निघालेलीच असतात. आडवी आली ती भिंत. नियम हाच असावा, की पिले त्याच नदीत सोडायची, दुसऱ्या खोऱ्यात नव्हे, आणि टाक्या, जाळी, वाहने मधल्या वेळात पूर्ण कोरडी करायची. 2004 साली वायआउ नदीत डिडिमो हे शेवाळ सापडल्यापासून ‘तपासा, धुवा, सुकवा’ हे तिथल्या मासेमाऱ्यांना पाठच आहे. याहून अवघड काम परतीच्या वाटेचे आहे: समुद्राकडे निघालेल्या मोठ्या माद्या टर्बाइनमध्ये चिरडल्या जातात, आणि त्यांच्यासाठी धरणातून सुरक्षित वाट काढणे जंतांची गोळी शोधण्यापेक्षा कितीतरी खर्चिक आहे. म्हणूनच जंतांची चर्चा जास्त चालते.