विश्लेषण : बेशुद्ध बिबट्याचा श्वास मंदावला, तर एका इंजेक्शनवर भागते का?

आळे, ओतूर, नारायणगाव या उसाच्या पट्ट्यात बिबट्या विहिरीत पडला किंवा गोठ्यात अडकला, की वन विभागाचे पथक आणि माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर येतात. डार्ट लागून बिबट्या आडवा झाला, की जमलेल्यांना वाटते, काम फत्ते. डॉक्टरांची खरी कसोटी मात्र तिथून सुरू होते.

भुलीत श्वास का मंदावतो?
बिबट्यासाठी सहसा केटामिन आणि झायलाझिन ही जोडी वापरतात. डार्टमधून ती स्नायूत जाते. भूल लवकर उतरू लागली तर पुढचा डोस शिरेतूनही देता येतो. तो काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतील श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवते. भूल खोल गेली की ही जाणीवच बोथट होते.

श्वास वाढवणारे औषध आहे का?
आहे, डॉक्साप्रॅम. मानेतील रक्तवाहिनीजवळ ऑक्सिजनची पातळी ओळखणारे संवेदक असतात. हे औषध त्यांना चेतवते. मात्रा वाढली तर थेट श्वसनकेंद्रालाही.

मग अडचण काय?
त्याचा परिणाम साधारण ५ ते १२ मिनिटे टिकतो. भूल त्याहून जास्त वेळ राहते. रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते. मात्रा जास्त झाल्यास झटके येऊ शकतात. शिवाय हे औषध जागही आणते, आणि टेबलावर बिबट्या असतो! घशातली वाट बंद असेल, तर छाती कितीही हलली तरी हवा आत जात नाही.

आधी काय करतात?
मान सरळ ठेवणे, जीभ बाहेर ओढणे, ऑक्सिजन देणे, जिभेला पल्स ऑक्सिमीटर लावणे. गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी घालून पिशवीने श्वास देतात. झायलाझिनवर योहिम्बिन हा उतारा आहे, केटामिनवर नाही. म्हणून उताऱ्याची घाईही चालत नाही. केटामिनचा अंमल शिल्लक असेल तर स्नायू ताठरतात, झटके येऊ शकतात.

माणसांच्या शस्त्रक्रियेत काय होते?
तत्त्व तेच. अफूवर्गीय औषधांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे. शिरेतून देण्याच्या प्रोपोफोलवर नाही. त्यामुळे भूलतज्ज्ञ औषधाने श्वास ढकलण्यापेक्षा तो हाताने किंवा यंत्राने चालू ठेवतात.

गावकऱ्यांचा संबंध कुठे?
गोंगाटाने बिथरलेल्या जनावरावर भूल नीट चढत नाही. मग जादा डोस द्यावा लागतो आणि श्वासाचा धोका वाढतो. अर्धवट भुलीतला बिबट्या गर्दीत घुसला, तर धोका माणसांनाही. म्हणून डार्ट मारल्यावर लांब आणि शांत राहणे, मोबाइल खिशात ठेवणे, ही गावाच्या हातातली सर्वात मोठी मदत आहे.