पहारेकरी दुकानात, हजेरी बाहेरून

पूर्वी दुकानाचा पहारा म्हणजे शटर, कुलूप आणि रात्रीचा चौकीदार. आता बिल, स्टॉक, उधारीचे खाते, कॅमेरे सगळे संगणकावर आले. पण या संगणकांच्या जाळ्यावरही पहारा हवा, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात येते.

आमचा कापडाचा ठोक व्यापार गांधीबागेत. २०२३ च्या रमजान ईदपूर्वी, एप्रिलच्या उन्हात, छिंदवाड्याच्या गिऱ्हाईकाचा माल बांधून तयार होता. ५० हजारांवरचा माल, राज्याबाहेर जाणारा; ई-वे बिलाशिवाय गाडी हलणार नव्हती. नेमका तेव्हाच गोदामातला संगणक मुख्य संगणकाला जोडला जाईना. आम्ही दोन तास इंटरनेटवाल्याशी हुज्जत घातली. शेवटी दोष निघाला आमच्याच पोटमाळ्यावर. पत्र्याखाली तापून स्विच बंद पडला होता. तोवर गाडी निघून गेली. ईदचा माल ईदनंतर पोहोचला तर गिऱ्हाईक काय बोलते, ते तुम्हाला सांगायला नको.

बिघाड कुठे आहे हे मिनिटा-दोन मिनिटांत सांगणारे प्रोग्राम मिळतात. झॅबिक्स आणि अपटाइम कुमा हे दोन्ही फुकट आहेत. राऊटर, स्विच, मुख्य संगणक, कॅमेऱ्याचा डीव्हीआर यांना ठरावीक वेळाने हाक मारायची आणि उत्तर आले नाही की मालकाच्या मोबाइलवर संदेश पाठवायचा, हे त्यांचे काम. डिस्क भरत आली तर झॅबिक्स तेही कळवतो. कोणता घ्यावा यापेक्षा तो बसवावा कुठे, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे.

मार्ग तीन आहेत. पहिला, दुकानातल्याच जुन्या संगणकावर. त्याला आतले सगळे दिसते. मात्र वीज किंवा इंटरनेट गेले की तोही मुका होतो, आणि मालकाला वाटते सगळे ठीक आहे. दुसरा, बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर. दुकानाची वीज गेली तरी तो जागा राहतो. पण राऊटरच्या आतले त्याला दिसत नाही. दिसावे म्हणून घाईने राऊटरमध्ये वाट उघडून दिली, तर त्याच वाटेने चोरही येतो. तिसरा, वार्षिक करारावर संगणक दुरुस्तीवाल्याकडे सोपवणे. हा सोयीचा, पण रात्री आणि सुट्टीला फोन कोण उचलणार, हे करारात लिहून घेतले नाही तर पैसे पाण्यात.

माझे मत असे. पाच-दहा संगणकांच्या दुकानाने, पतसंस्थेने किंवा शाळेच्या ट्रस्टने पहारेकरी आतच ठेवावा. तो संगणक, राऊटर आणि स्विच इन्व्हर्टरवर जोडावेत. आणि पहारेकऱ्याची हजेरी बाहेरून घ्यावी. म्हणजे आतल्या संगणकाने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या साध्या सेवेला ‘हजर’ असे कळवायचे. हजेरी चुकली की ती सेवा मालकाला संदेश देते. यात निरोप आतून बाहेर जातो. बाहेरून आत येणारे दार उघडावे लागत नाही.

पहारेकऱ्याला पाहण्यापुरतेच अधिकार द्या. यंत्रासोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. सुरुवातीला पाच-सहाच गोष्टींवर नजर ठेवा. दिवसाला चाळीस संदेश येऊ लागले की एकही वाचला जात नाही.

सुट्टीचाही विचार करा. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी रुपये गेले. त्यातली बहुतेक रक्कम ११ तारखेला, दुसऱ्या शनिवारी, बँकेच्या सुट्टीच्या दिवशी एटीएममधून काढली गेली. आपला फुकटचा प्रोग्राम तसली चोरी थांबवील, असे मी म्हणत नाही. पण शुक्रवारी किंवा रविवारी संदेश कोणाकडे जाणार, ते नाव आधीच ठरलेले असावे.

हे काम करणारी, संगणक शिकलेली मुले आपल्याच मोहल्ल्यात आहेत. ‘घरचाच पोरगा’ म्हणून फुकटात राबवू नका. मेहनतीचा पुरा मोबदला द्या. आणि काम झाल्यावर मालकाने स्वतः एकदा स्विचची तार काढून पाहावी, मग एकदा इन्व्हर्टरसकट सगळे बंद करून पाहावे. दोन्ही वेळा थोड्याच मिनिटांत मोबाइल वाजला, तर पहारा लागला असे समजा.