हयातीचा दाखला अमेरिकेतून, ओटीपी मात्र खडकीच्या सिमवर!

नोव्हेंबर उजाडला की खडकी, बोपोडी, दापोडी, सांगवी भागातील बँकांत आणि पोस्टात पेन्शनरांची रांग लागते. पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि पीपीओची झेरॉक्स. एका सकाळीत उरकणारे हे काम. पण याच पेन्शनरांपैकी जे मुलाकडे किंवा मुलीकडे न्यू जर्सी, डॅलस वा मेलबर्नला राहायला गेले आहेत, त्यांना हेच काम महिनाभर पुरते. त्यांच्यासाठी नियमांत सोय नाही असे नाही. सोयी आहेत, चांगल्या आहेत. पण त्यातल्या बहुतेकांची किल्ली एकच आहे, ती म्हणजे भारतातला मोबाइल नंबर. तो बंद पडला की सगळेच अडते.

खडकीत हा प्रश्न जास्त का?

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. त्याच्या जोडीला हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी, लष्कराचे वर्कशॉप आणि संरक्षण खात्याची इतर कार्यालये. त्यामुळे या परिसरात घरटी नाही तरी गल्लोगल्ली संरक्षण खात्याचा पेन्शनर सापडतो. ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून 41 कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. निवृत्तांची पेन्शन मात्र केंद्र सरकारच्याच तिजोरीतून येते. ती आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून, प्रयागराजच्या कार्यालयामार्फत थेट खात्यात जमा होते.

याच कामगारांनी ओव्हरटाइम करून मुलांना इंजिनीअर केले. मुले आयटीत गेली, तिथून परदेशात गेली. आता नातवंडांसाठी आजी-आजोबाही सहा-सहा महिने तिकडे असतात. काही जण कायमचेच गेले आहेत.

हयातीचा दाखला कधी द्यायचा?

केंद्राच्या बहुतेक पेन्शनरांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये. 80 वर्षांवरील पेन्शनरांना 1 ऑक्टोबरपासून. 'स्पर्श'वर असलेल्यांनी आपली पुढची तारीख खात्यात उघडून पाहावी. खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्यांची, म्हणजे ईपीएस-95 ची पद्धत वेगळी: दाखला वर्षभरात केव्हाही देता येतो आणि तो तिथून 12 महिने चालतो. दाखला पोहोचला नाही तर पेन्शन थांबते. नंतर दिला की थकबाकीसह सुरू होते, पण मधले महिने कोरडे जातात.

परदेशातून तो देता येतो का?

येतो, आणि तोही तीन मार्गांनी.

पहिला मार्ग, भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्यासमोर सही. दुसरा, केंद्र सरकारच्या पेन्शनरांसाठी: भारताबाहेर राहणाऱ्याचा दाखला तिथला मॅजिस्ट्रेट, नोटरी किंवा बँक अधिकारीही साक्षांकित करू शकतो आणि पेन्शनरने नेमलेला प्रतिनिधी तो इथे सादर करू शकतो. तिसरा, डिजिटल. 'जीवन प्रमाण' ही सेवा 10 नोव्हेंबर 2014 रोजी सुरू झाली. सुरुवातीला त्यासाठी बोटांचे ठसे किंवा डोळ्यांच्या बुबुळांचे स्कॅन लागत असे. आयुष्यभर मशीनवर काम केलेल्या हातांचे ठसे उतारवयात उमटत नाहीत, हा अनुभव इथल्या अनेकांना आहे. नोव्हेंबर 2021 पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही काम होते. वृद्धांसाठी ही खरोखर मोठी सोय झाली.

मग घोडे कुठे अडते?

दूतावासाचा मार्ग कागदावर सोपा आहे. पण डॅलसहून ह्यूस्टनचा वाणिज्य दूतावास साधारण 385 किलोमीटर दूर आहे. म्हणजे पुणे-बेळगावपेक्षा जास्त. उपनगरात बस नाही, आजोबांना तिकडे गाडी चालवता येत नाही. मुलाने रजा काढायची, तेव्हा बापाने सही करायची.

नोटरी जवळ मिळतो, पण त्याचा कागद इथल्या काउंटरवर स्वीकारला जाईल याची खात्री नसते. नियम माहीत नसलेला कर्मचारी 'स्वतः या' असे सांगून मोकळा होतो. फोन करावा तर शाखा सकाळी दहाला उघडते तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात.

राहिला डिजिटल मार्ग. त्यात ॲपवर नोंदणी करताना ओटीपी लागतो. आधारला परदेशी मोबाइल नंबर जोडता येत नाही, त्यामुळे आधारचा ओटीपी भारतीय सिमवरच येणार. ते सिम रोमिंग न घेता नेले असेल, खडकीच्या घरी कपाटात राहिले असेल किंवा रिचार्ज संपून बंद पडले असेल, तर माणूस जिवंत, चेहरा कॅमेऱ्यासमोर, तरी काम होत नाही.

बँक खात्याचे काय?

मुक्काम काही महिन्यांचा, भेटीपुरता असेल तर सहसा काही बदलावे लागत नाही. कायमचे राहायला गेल्यास परकीय चलन कायद्यानुसार साधे बचत खाते 'एनआरओ' करून घ्यावे लागते. पेन्शन त्यात जमा होऊ शकते आणि कर भरून तिकडे पाठवताही येते. मात्र या खात्याच्या व्याजावर 30 टक्के दराने, वर अधिभार-उपकर लावून, कर कापला जातो. मुदत ठेवींवर घर चालवणाऱ्याला हा आकडा आधी माहीत हवा.

घर विकायचे किंवा भाड्याने द्यायचे असल्यास तिकडून मुखत्यारपत्र पाठवावे लागते. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. अनेकांना हे तारीख उलटल्यावर कळते.

सुरक्षिततेचे कारण कितपत पटते?

दाखला मागणे चूक नाही. पेन्शनर वारल्यावरही खात्यातून पैसे काढले जाण्याचे प्रकार घडतात आणि तो पैसा जनतेचा असतो. परदेशी नंबरमुळे फसवणूक वाढेल, ही भीतीही अगदीच खोटी नाही.

पण सिम ही ओळखीची सर्वात कच्ची खूण आहे. बंद पडलेला नंबर 90 दिवस कोणाला देत नाहीत, पण त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो, हे ट्रायने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. म्हणजे बंद सिमचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतो. पासपोर्ट, व्हिसा आणि चेहऱ्याची पडताळणी त्यापेक्षा कितीतरी पक्की. शिवाय पैशांच्या व्यवहारात आपण हे मान्यही केले आहे: 2023 पासून अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूरसह दहा देशांतील मोबाइल नंबर एनआरई-एनआरओ खात्यांच्या यूपीआयला जोडता येतात. डिजिटल पेमेंटसाठी एसएमएस ओटीपीखेरीज इतर पर्याय वापरता यावेत, अशी मोकळीक देणारे निर्देश रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये काढले. परदेशी नंबरवरून पैसे पाठवता येतात, पण आपण जिवंत आहोत हे सांगता येत नाही, हे तर्कात बसत नाही.

जाण्यापूर्वी काय करावे?

• आधार, बँक आणि 'स्पर्श' या तिन्ही ठिकाणी एकच चालू नंबर आहे ना, ते तपासा. ई-मेलही नोंदवा.
• सिम सोबत न्या आणि निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. परदेशात येणारा एसएमएस सहसा मोफत असतो, तरी आपल्या कंपनीकडे विचारा.
• प्रीपेड खात्यात 20 रुपयांहून जास्त शिल्लक ठेवा. ट्रायच्या नियमानुसार त्यामुळे 90 दिवस वापर नसला तरी नंबर राखता येतो.
• चेहऱ्याच्या पडताळणीचे ॲप इथेच उतरवून, नोंदणी करून, एकदा वापरून पाहा.
• खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावावर आहे का, नामनिर्देशन आहे का, हे पाहा.
• शाखेचा ई-मेल पत्ता लिहून घ्या. सिम आणि ओटीपी शेजाऱ्याच्या हवाली करू नका, शेजारी कितीही विश्वासाचा असो.

काय बदलायला हवे?

वरची यादी पेन्शनरने पाळावी, हे ठीक. पण सगळा भार 75 वर्षांच्या माणसावर टाकून चालणार नाही. तीन गोष्टी सरकारला करता येण्याजोग्या आहेत. पासपोर्ट तपासून परदेशी नंबर किंवा ई-मेल आधारला जोडू द्यावा. कोणाचा साक्षांकित दाखला चालतो याचे एक पान मराठीत आणि हिंदीत प्रत्येक शाखेत लावावे, म्हणजे 'स्वतः या' हे उत्तर बंद होईल. आणि दाखला आला नाही म्हणून पेन्शन लगेच न थांबवता, ई-मेलवर सूचना देऊन दोन महिन्यांची सवलत द्यावी.

महिन्याची तीस हजारांची पेन्शन डॉलरमध्ये साधारण साडेतीनशे होते. मुलाच्या पगारापुढे ती रक्कम किरकोळ. पण नातवाला खाऊ, स्वतःची औषधे, गावच्या देवळाची वर्गणी हे सगळे कोणापुढे हात न पसरता त्यातूनच होते. परक्या देशात, मुलाच्या घरात, आजोबांचे म्हणावे असे तेवढेच उरलेले असते. ती पेन्शन एका बंद सिमवर अडकून राहू नये.