बंद दुकानाचें तोंड

बाजार उघडा असतां त्यानें कसें वागावें, हें सांगणारे कायदे आपल्या राज्यांत पुष्कळ आहेत. वजनें-मापें तपासलीं जातात, नोकरांच्या कामाचे तास ठरविले जातात, आणि पाटीवरचें अक्षर कोणत्या लिपींत व केवढें असावें हेंही आतां कायद्यानें सांगितलें आहे. दुकानाची पाटी मराठींत, देवनागरी लिपींत आणि इतर कोणत्याही भाषेच्या अक्षरांहून लहान नसलेल्या अक्षरांत असली पाहिजे, असें २०२२ च्या दुरुस्तीनें ठरलें. सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दुकानदारांस त्यासाठीं दोन महिन्यांची मुदत घालून दिली. ह्या नियमाचें आम्ही स्वागतच केलें. परंतु त्या पाटीच्या खालीं जो आठ-दहा फूट उंचीचा लोखंडी पत्रा रोज रात्रीं उतरतो, त्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. सकाळीं दहास उघडून रात्रीं नवास बंद होणारें दुकान चोवीस तासांपैकीं तेरा तास बंदच असतें. म्हणजे रस्त्यास त्याचें बंद तोंडच अधिक वेळ पहावें लागतें.

खानदेशांतील जुन्या पेठांविषयीं हा विचार विशेष करावासा वाटतो. धुळें आज दिसतें तें बऱ्याच अंशीं योजून वसविलेलें शहर आहे. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्यानें पुढील वर्षीं पांझरेकांठचें हें लहानसें गांव मुख्य ठाणें म्हणून निवडलें. त्या वेळीं येथें ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं, अशी सरकारी नोंद आहे. व्यापाऱ्यांनीं येऊन रहावें म्हणून ब्रिग्जनें घरबांधणीसाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, आणि भक्कम घरें उठविण्याकरितां जुन्या रहिवाशांस तसेंच नवागतांस आगाऊ रकमाही दिल्या. सरळ आंखलेल्या रस्त्यांचें नवें धुळें अशा रीतीनें उभें राहिलें. गल्ल्यांस क्रमांक देण्याची तेथील चाल परक्या पाहुण्यास अजूनही चमत्कारिक वाटते. ‘चौथ्या गल्लींत’ एवढें सांगितलें म्हणजे धुळेकरास पत्ता पुरेसा होतो.

ह्या गल्ल्यांतून आणि जुन्या आग्रा रस्त्यावरून ज्यांनीं जुनीं दुकानें पाहिलीं असतील, त्यांस फळ्यांचें दुकान म्हणजे काय हें सांगावयास नको. पुढें ओटा, ओट्यावर सागवानी खांब, दोन खांबांमध्यें एक खण. उंबऱ्यास व वरच्या तुळईस खांचा पाडलेल्या असत, आणि त्यांत उभ्या फळ्या एकामागून एक सरकवून दुकान बंद केलें जाई. फळ्यांवर आंकडे घातलेले असत, कारण तिसरी फळी पांचवीच्या जागीं बसत नसे. नव्या नोकराची पहिली परीक्षा बहुधा येथेंच होई. शेवटच्या फळीवर आडवा लोखंडी गज व त्यास कुलूप. दुकान बंद झालें तरी लांकडाचा तो दर्शनी भाग घराच्या दाराप्रमाणें दिसे, आणि खांबांवरील नक्षी उघडीच राही.

फळ्या गेल्या त्या उगाच गेल्या नाहींत. पंधरा-वीस फळ्या दोन वेळां उचलून ठेवणें हें कष्टाचें काम. पावसाळ्यांत त्या फुगत, उन्हाळ्यांत आक्रसत, आणि दिवसभर त्या ठेवावयास जागा लागे. लोखंडी शटर एका माणसास एका झटक्यांत ओढतां येतें. एकांत एक गुंतविलेल्या पातळ पट्ट्या, त्या गुंडाळून घेणारी वर एक नळी व तींत कमान, आणि दोन्हीं बाजूंस खांचेचे लोखंडी उभे पन्हळ, इतकीच काय ती त्याची रचना. सोय मोठी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तिची किंमत मात्र जुन्या इमारतीनें दिली. शटराचे पन्हळ बसविण्यासाठीं खांब तासले जातात. वरच्या गुंडाळीची पेटी तुळईवरील कोरीव काम झांकून टाकते. दोन-तीन खणांस मिळून एकच शटर पाहिजे असेल तर मधला खांब काढून लोखंडी तुळई घालावी लागते, किंवा शटर खांबांच्या बाहेर, ओट्याच्या कडेस आणावें लागतें. दुसरा मार्ग स्वीकारला म्हणजे दुकान वीतभर रस्त्यावर येतें, आणि मग शेजारीही वीतभर पुढें सरकतो.

कायदा सांप्रत ह्या गोष्टीकडे पाहतो तो केवळ अडथळ्याच्या दृष्टीनें. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमांत तळमजल्याचीं दारें-खिडक्या रस्त्यावर बाहेरच्या अंगास उघडून वाटसरूंस अडचण होऊं नये, रस्त्यावर अडथळा होईल असें बांधकाम करूं नये, अशा तरतुदी आहेत. धुळें व जळगांव ह्या दोन्हीं नगरपालिकांच्या २००३ सालीं महानगरपालिका झाल्या, तेव्हांपासून हा अधिनियम तेथें लागू आहे. पण शटर बाहेर उघडत नाहीं, वर जातें. त्यामुळें दाराचा नियम त्यास लागत नाहीं. खांब तासला तर रस्त्यास अडथळा होत नाहीं. संपूर्ण पेठेचें तोंड पत्र्यानें झांकलें गेलें तरी वाटसरूची वाट मोकळीच असते.

आतां कोणी म्हणेल, रात्रीं दुकान कसें दिसतें ह्याशीं कोणास काय कर्तव्य? २०२० च्या टाळेबंदीचे महिने आठवावे. दूध-औषधांसाठीं बाहेर पडलेल्या माणसास दोहों बाजूंस केवळ करडे पत्रे दिसत, आणि ओळखीचा रस्ता ओळखूं येईनासा होई. तो प्रसंग असाधारण होता. परंतु रात्रीं साडेनवानंतर वर्गावरून वा कामावरून परतणाऱ्या मुली-स्त्रियांना ह्याच रस्त्यांवर थोडाबहुत तोच अनुभव नित्य येतो. दुकानांत एक दिवा जळत असून तो जाळीतून रस्त्यावर पडत असेल, तर चालणाऱ्यास धीर वाटतो. पत्र्याआड जळणारा दिवा रस्त्याच्या उपयोगाचा नाहीं.

चोरीचें तर आश्चर्यच आहे. ‘शटर उचकटून चोरी’ हें शब्द आमच्या दैनिकांत इतके रूढ झाले आहेत कीं त्यांचा अर्थ कोणी मनांत आणीत नाहीं. भरीव शटराची खालची कड मधोमध वाकविली कीं माणूस आंत शिरतो. आणि एकदां आंत शिरल्यावर ज्या पत्र्यानें त्यास थोपवावयाचें तोच त्यास झांकतो. गस्तीचा शिपाई बाहेरून जातो, त्यास कांहीं दिसत नाहीं. आंत आग लागली तरी धूर बाहेर येईपर्यंत शेजाऱ्यास पत्ता नसतो. जुन्या सागवानी माळ्यांच्या गल्लींत तेवढा उशीर पुरतो.

ह्याच कारणांसाठीं परदेशांत नियम झाले आहेत. न्यूयॉर्क शहरानें २००९ मध्यें असा कायदा केला कीं १ जुलै २०११ नंतर बसविलेलें दुकानाचें शटर बंद असतां त्यांतून किमान ७० टक्के भाग आरपार दिसला पाहिजे. जुनीं भरीव शटरें बदलण्यास १ जुलै २०२६ पर्यंतची मुदत ठेविली. पोलिसांस व आगविझव्यांस आंतील दिसावें हा एक हेतु, आणि पत्र्यांवर रंगाचे फरकाटे ओढणाऱ्यांचा बंदोबस्त हा दुसरा. त्या कायद्यांतील लांब मुदत आम्हांस विशेष आवडली. शटर झिजल्यावर बदलावेंच लागतें. त्या वेळीं नव्या पद्धतीचें बसवा, एवढेंच सांगितल्यानें व्यापारी नाडला जात नाहीं. इंग्लंडांत १९६७ च्या कायद्यापासून जुन्या वस्त्यांस ‘संरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर करण्याची पद्धति आहे, आणि तेथील नगरसंस्था अशा क्षेत्रांत बाहेरून बसविलेल्या भरीव शटरास सहसा परवानगी देत नाहींत. कांचेच्या आंतल्या अंगास जाळी लावा, असें सांगतात.

मुंबईचा दाखला तर आपल्या घरचाच. हॉर्नबी रस्त्यावरील, म्हणजे आतांच्या दादाभाई नौरोजी मार्गावरील, इमारतींनीं तळमजल्यावर कमानींची सलग पडवी ठेवलीच पाहिजे असा नियम १८९६ मध्यें झाला, म्हणून तो रस्ता आजही एका हातानें घडविल्यासारखा दिसतो. पुढें त्या कमानींवर पाट्यांचें रान माजलें. १९९५ मध्यें मुंबईसाठीं वारसा-संरक्षणाची नियमावली झाली, आणि शतकाच्या अखेरीस वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा ह्यांच्या अभ्यासावरून दुकानांच्या पाट्या कमानीच्या आंत कशा बसवाव्या ह्याचे नमुने ठरले. तेथील पुष्कळ दुकानदारांनीं ते समजुतीनें मान्य केले. महाराष्ट्रांतील इतर बहुतेक शहरांसाठीं २०२० मध्यें जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तींतही वारसा-वास्तूंप्रमाणें वारसा-परिसर जाहीर करण्याची सोय आहे. तेव्हां साधन नाहीं असें म्हणण्यास जागा उरली नाहीं.

तथापि धुळ्याच्या व्यापाऱ्याच्या मनांतील एका भीतीचा विचार केल्यावांचून असला नियम करणें हा अन्याय होईल. त्या शहरानें २००८ व २०१३ ह्या वर्षीं दंगली पाहिल्या. ज्यानें त्या दिवसांत आंतून कडी लावून बाहेरची आरडाओरड ऐकली, त्यास ‘तुझ्या दुकानापुढें जाळी बरी दिसेल’ असें सांगावयास कोण जाईल? आम्ही तरी जाणार नाहीं. पत्रा दगड अडवितो, हें खरें आहे. म्हणून खालचा कमरेइतका भाग भरीव व वर जाड सळईची दाट जाळी, आणि तिच्या आंत हवें तर दुसरें दार, अशी मधली वाट काढावी लागेल. कापडदुकानदारांची धुळीची तक्रारही खरी आहे. फाल्गुन-चैत्रांत खानदेशांत जी धूळ उडते ती जाळीस जुमानीत नाहीं. तेथें जाळीमागें कांच पाहिजे, आणि कांचेस पैसे पडतात. उलटपक्षीं वैशाखांत जळगांवीं पारा पंचेचाळिसाच्या घरांत जातो, तेव्हां रात्रभर पत्र्यांत कोंडलेलें दुकान सकाळीं उघडणाऱ्यास जाळीची किंमत कळते.

पैशाचा प्रश्न आला म्हणजे आम्हांस पुन्हां ब्रिग्जच आठवतो. त्यानें नुसता हुकूम काढला असता तर नवें धुळें वसलें नसतें. भक्कम घर पाहिजे असेल तर जागा घ्या, आगाऊ रक्कम घ्या, असें तो म्हणाला. आजच्या महानगरपालिकेनेंही जो दुकानदार मूळचे खांब व तुळई न तासतां आंतल्या अंगास जाळीचें शटर बसवील, त्याच्या मालमत्ता-करांत कांहीं वर्षें सूट द्यावी. आणि ज्याच्या जवळ जुन्या फळ्या अद्याप शाबूत आहेत त्यास त्या दुरुस्त करण्यास मदत करावी. ज्या शहरानें १९२७ सालीं इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नांवें संशोधन मंडळ काढून जुने कागद जपले, त्यास जुनें लांकूड जपण्याचें महत्त्व पटवून देण्यास फार श्रम पडूं नयेत.

जळगांवची स्थिति निराळी आहे. तें शहर रेल्वेनें आणि कापसानें वाढविलें. १९०६ मध्यें खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हां तें पूर्व खानदेशाचें ठाणें झालें. तेथील सराफ बाजारास आमची सूचना जशीच्या तशी लागूं करावी असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्याच्या घरांत दुसऱ्यांच्या लेकीसुनांचे दागिने आहेत, त्यास भरीव दार ठेवूं द्यावें. तें आंतल्या अंगास असावें एवढीच अट पुरे. परंतु फुले मार्केटासारख्या संकुलांत गाळ्यांची मालक खुद्द महानगरपालिकाच आहे. पालिकेच्या पुष्कळ गाळ्यांच्या भाडेपट्ट्यांची मुदत २०१२ मध्यें संपली, आणि नूतनीकरणाचा वाद पुढें वर्षानुवर्षें चालला. त्या वादांत भाडें किती ह्याचीच चर्चा झाली, आणि तें स्वाभाविक होतें. पण जो करार व्हावयाचा त्यांत आणखी दोन ओळी घालण्यास कोणताही नवा कायदा लागत नाहीं: नवें शटर बसवावयाचें झाल्यास तें जाळीचें असावें, आणि रात्रीं एक दिवा आंत जळत रहावा. त्या दिव्याच्या विजेचा खर्च भाड्यांतून वजा करण्याइतकें औदार्य पालिकेनें दाखविलें, तर गाळेधारक ह्या अटीस विरोध करतील असें आम्हांस वाटत नाहीं.

आरंभ लहान असावा. सबंध शहरास एकदम नियम लावला कीं तो कागदावर राहतो, आणि तपासनिसास मात्र एक नवें कुरण मिळतें. धुळ्याच्या क्रमांकाच्या गल्ल्यांपैकीं जिच्यांत लांकडी दर्शनी भाग अधिक उरले आहेत अशी एकच गल्ली घ्यावी. खांबांचीं मोजमापें व छायाचित्रें घ्यावीं. दुकानदारांस दोन-तीन नमुन्यांचीं शटरें प्रत्यक्ष लावून दाखवावीं, आणि निवड त्यांच्यावर सोडावी. हीं मोजमापें घेण्याचें काम स्थानिक तंत्रनिकेतनांतील विद्यार्थी एका सुटींत करूं शकतील.