लाजेच्या भांडवलावरचा धंदा

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यांत डकवलेल्या चिटोऱ्यांवर आणि मार्गालगतच्या भिंतींवर 'मर्दानी कमजोरी'वर हमखास इलाजाची ग्वाही वाचायला मिळते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील कामगार तरुण हे या जाहिरातीचे गिऱ्हाईक. तरुण वयातील नपुंसकत्व हा चळवळीचा विषय नव्हे, असे काही सहकाऱ्यांना वाटेल. पण ज्या दुखण्याबद्दल माणूस बोलू शकत नाही, त्यावर त्याची लूट सर्वांत सोपी असते. आणि जेथे लूट आहे तेथे आपले काम आहे.

वैद्यकशास्त्र याविषयी काही गूढ सांगत नाही. रक्तवाहिन्या सैलावून रक्त भरले की शिश्नाला ताठरता येते. तंबाखू, अतिरिक्त दारू, मधुमेह, रक्तदाब, काही औषधे यांमुळे त्यात बिघाड होतो. तरुणांत पुष्कळदा कारण मानसिक असते : धास्ती, खिन्नता, एकदा आलेल्या अपयशाची भीती. पहाटे ताठरता येत असेल, तर शरीरयंत्रणा बहुधा शाबूत असते. हस्तमैथुनाने वा 'धातू' गेल्याने नपुंसकत्व येते, हा निव्वळ भ्रम होय. मात्र दोष शारीरिक असेल, तर तो हृदयविकाराची पूर्वसूचनाही असू शकतो. भोंदूच्या पुडीमागे ही सूचना दडून राहते. अशा 'वनौषधीं'त सिल्डेनाफिलची भेसळ अनेकदा सापडली आहे. हृदयविकारावर नायट्रेट घेणाऱ्याच्या ती जिवावर बेतू शकते.

पहाटेची गाडी धरून रात्री परतणारा, उद्याच्या कामाची शाश्वती नसलेला, आईवडील-भावंडांसह एकाच खोलीत संसार करणारा तरुण खचला, तर दोष त्याच्या पौरुषात शोधायचा की त्याच्या जगण्यात? आणि त्याच्या मौनाची किंमत त्याची पत्नी मोजते. नवऱ्याची तपासणी होत नाही. 'वांझ' हा शब्द मात्र तिच्या कपाळी येतो. पुरुषीपणाची ही खोटी प्रतिष्ठा मोडल्याखेरीज स्त्रीमुक्तीची भाषा अपुरीच राहील.

महाराष्ट्रात ही कोंडी फोडण्याचा यत्न जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू करून वाचकांच्या लैंगिक शंकांना उघड उत्तरे दिली. त्यापायी १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, विचार हरला नाही. पुढे १९५४ च्या आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने कामशक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली. कायदा आहे, जाहिरातीही आहेत!

सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाची वयोमर्यादा १० ते १९ वर्षांची आहे. पंचविशीतल्या विवाहित कामगाराने जावे कोठे? म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आठवड्यातून किमान एक दिवस, कामगार घरी परतल्यावरच्या वेळेत, पुरुषांच्या लैंगिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग चालावा. तेथे रक्तशर्करा, रक्तदाब यांची तपासणी आणि समुपदेशन व्हावे, पतिपत्नी दोघांनाही बोलावले जावे. बेकायदा जाहिरातींवर गुन्हे नोंदवावेत. आणि शाखांच्या अभ्यासवर्गांत हा विषय कार्यकर्त्यांनी, कुचेष्टा न करता, स्वतः मांडावा. भिंतीवरचा मजकूर पुसणे सोपे आहे. मनातली लाज पुसली, तरच तो पुन्हा लिहिला जाणार नाही.