यात काय आहे?

रमजानमध्ये एका संध्याकाळी चिंचोळी एमआयडीसीत गेलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या एका कारखान्यात कामाला आहे. पाळी सुटायला आणि रोजा सोडायला एकच गाठ पडली. शेडबाहेर वर्तमानपत्र पसरून त्याने खजूर, कलिंगड आणि डबाभर फलाफल मांडले. आखातात हॉटेलात काम करून परतलेल्या त्याच्या मामूंनी ते घरी शिकवले होते.

सोबतचा एक कामगार आला. त्याने हात पुढे केला आणि थांबला. "यात काय आहे?"

"हरभरा. काबुली. रात्रभर भिजवायचा, न शिजवता वाटायचा. कांदा, लसूण, कोथिंबीर, जिरे, धने. बस्स."

त्याने एक फोडला, आतला हिरवा रंग पाहिला, खाल्ला आणि म्हणाला, "अरे, हा तर आमच्या आईचा डाळवडा!"

खरंच आहे. हरभरा शिजवून घेतला तर फलाफल तेलात फुटतो; आपल्या डाळवड्याचीही डाळ कच्चीच वाटतात. इजिप्तमध्ये हाच पदार्थ बाकल्याच्या दाण्यांचा करतात आणि त्याला तामिया म्हणतात. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनकडे हरभरा. अरबीत हरभऱ्यालाच हुम्मुस म्हणतात, उर्दूत चना. वर्गात दोन्ही भाषा शिकवताना मी नेहमी सांगतो, नावं बदलली म्हणून दाणा बदलत नाही. तरीही फलाफल नेमका कुणाचा, यावर तिकडे देशादेशांत भांडणं आहेत. २००८ साली लेबनॉनच्या उद्योजकांनी तर हुम्मुस-फलाफलवरून इस्रायलविरुद्ध दावा लावण्याची भाषा केली होती.

आपण मालकीत पडू नये, गरम खावं. खुबूस नसेल तर ज्वारीची मऊ भाकरी घ्यावी. आपली कडक भाकरी इथे उपयोगाची नाही, दुमडली की मोडते. ताहिनीऐवजी भाजलेले तीळ वाटून दह्यात कालवावेत, वर लिंबू पिळावं. शेंगाचटणी असेल तर सोलापूरकराला आणखी काही लागत नाही.

पण त्या संध्याकाळचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पूर्वी मला तो लागायचा. मुसलमानाच्या डब्याकडे संशयानेच बघतात, असं वाटायचं. आता तसं वाटत नाही. मीही परक्या ठिकाणी मटण हलाल आहे का, हे विचारतोच की. ज्याला जेवायचं असतं तोच विचारतो. दुखतं ते न विचारता डबा घेऊन दुसऱ्या झाडाखाली जाणं. तिथे उत्तर द्यायलाही कुणी समोर नसतं.

एकत्र बसण्यासाठी आमच्या डब्यात दरवेळी हरभराच असला पाहिजे, असंही मात्र होऊ नये. ज्या दिवशी खिमा असेल त्या दिवशी खाऊ नका, पण बसा. तुमची भाकरी तुम्ही खा, आमची आम्ही.

डबा रिकामा झाल्यावर त्या कामगाराने विचारलं, "उद्या आणणार का?"

हा प्रश्न मला जास्त आवडला.